जागच्या जागी

इंशिराहचं म्हणणं एवढंच होतं की बदल जागच्या जागी व्हावा. फाईल उघडायची नाही, प्रत काढायची नाही, पसारा करायचा नाही. कॉम्प्युटरला एका ओळीत सांगायचं की अमक्या शब्दाच्या जागी तमका शब्द टाक, आणि त्याने तो निमूट टाकावा. स्वयंपाकघरातही ती अशीच वागायची. मुलूखियाच्या पालेभाजीचं पातेलं गॅसवर रटरटत असतानाच त्यात मीठ, लसूण, कोथिंबीर कमी-जास्त करायची. वाटीत काढून चव बघत बसायची नाही. "वाटी काढली की घासायला वाटी वाढते," असं तिचं तत्त्वज्ञान होतं, आणि या तत्त्वज्ञानाने आजवर कुणाचं पोट बिघडलेलं नव्हतं.

प्रकरण सुरू झालं ते गल्लीच्या जेवणावरून. इस्कंदरिया शहरात, मुहर्रम बे भागातल्या त्यांच्या गल्लीत रमजानभर रस्त्यात टेबलं मांडतात आणि संध्याकाळी येईल त्याला रोजा सोडायला बसवतात. जेवणाची अडचण कधीच आली नाही. अडचण यायची ती वेळेची. कोपऱ्यावरची मशीद दुरुस्तीला निघालेली, तिचा भोंगा कापडात गुंडाळून ठेवलेला. समोरच्या कॅफेतला टीव्ही कैरोचा. आता कैरोत सूर्य आमच्या इस्कंदरियाच्या आधी मावळतो, हे काही त्या टीव्हीने लपवून ठेवलेलं नाही. दर अजानीला तो बिचारा सांगतो, "कैरोबाहेर राहणाऱ्यांनी वेळेतला फरक पाळावा." पण भुकेल्या माणसाला अजान ऐकू येते, पुढची सूचना ऐकू येत नाही. फोनांचं म्हणाल तर प्रत्येकाच्या फोनात अजान आणि प्रत्येकाची वेगळी. तिसऱ्या मजल्यावरच्या हाज्जा तफीदांचा फोन तर उमऱ्याच्या यात्रेहून परत आल्यापासून मक्केतच राहिला होता. मागच्या रमजानात पहिल्याच संध्याकाळी सगळे फोन डबक्यातल्या बेडकांसारखे एकामागून एक ओरडायला लागले, अर्धी गल्ली जेवायला लागली, अर्धी त्यांच्यावर खेकसायला लागली. आणि कैरोच्या वेळेवर सगळ्यांत पहिला घास घेणारा माणूस होता शौकत, म्हणजे इंशिराहचा नवरा. गल्ली हे विसरली नव्हती. भाजीवालासुद्धा टोमॅटो तोलता तोलता विचारायचा, "काय शौकत, कैरोहून कधी आलास?"

नवऱ्याची अब्रू ही संसारातली सामायिक मालमत्ता असते. या वर्षी इंशिराहने इमारतीच्या मालक-संघाच्या बैठकीत उभं राहून जाहीर केलं, "वेळ सांगणारा प्रोग्राम मी लिहिते. इस्कंदरियाची वेळ, इस्कंदरियाचा सूर्य, एकच भोंगा. तो बोलला की जेवायचं."

ती शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून गल्ली तिला उस्ताजा, म्हणजे बाई, म्हणायची. प्रोग्राम लिहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे कुणी चुकाही दाखवल्या नव्हत्या, आणि आत्मविश्वास कसा अगदी नवाकोरा होता.

"भोंगा कुठे लावणार, उस्ताजा?" संघाचे अध्यक्ष उस्ताज बयूमी यांनी विचारलं. बयूमी सरकारी नोंदणी खात्यातून निवृत्त झाले होते. म्हणजे खात्याने त्यांना सोडलं होतं, त्यांनी खात्याला नव्हे. शिक्का घरी होताच.

"खाली, रस्त्यावर. वायर माझ्या घरातून जिन्याने खाली आणू."

"जिन्यातून वायर न्यायला बंदी आहे. ठराव आहे."

"कुणी केला?"

"मी. तुमच्याच यजमानांनी डिशची वायर नेली होती तेव्हा."

शौकतने खिडकीबाहेर बघितलं. त्याच्याविरुद्ध झालेले ठराव त्याला पाठ होते.

तेव्हा मग तळमजल्यावरचे डॉक्टर वगीह पुढे आले. दातांचे डॉक्टर, कॉप्टिक ख्रिस्ती माणूस, दवाखान्याची खिडकी थेट रस्त्यावर. त्यांच्याकडे सफरचंदाचं चित्र असलेला पांढराशुभ्र कॉम्प्युटर होता आणि त्यावर ते फक्त क्ष-किरणांचे फोटो बघायचे. "माझा घ्या, उस्ताजा," ते म्हणाले. "तुमचा उपास रोज संध्याकाळी सुटतो तरी. आमचाही मोठा उपास चालू आहे. ईस्टर येईपर्यंत वालाच्या दाण्यांचं तेलातलं फूल आणि तेलातली वांगी. त्याला भोंगा लागत नाही, धीर लागतो."

"पण डॉक्टरांचं मशीन ऐनवेळी बंद पडलं तर?" बयूमी म्हणाले. "पर्यायी व्यवस्था पाहिजे. त्याशिवाय ठराव पक्का होत नाही."

म्हणून ठरलं की पर्याय म्हणून इंशिराहचं स्वतःचं मशीन तयार ठेवायचं आणि वेळ आली तर उचलून खाली आणायचं. प्रोग्राम दोन्ही मशिनींवर चालला पाहिजे. सगळी ग्यानबाची मेख इथेच होती, पण शिक्क्याच्या आवाजात ती कुणाला ऐकू आली नाही.

इंशिराह कामाला लागली. फोल्डरात एक फाईल ठेवली, तिचं नाव इस्कंदरिया. आत सूर्यास्ताच्या वेळा. फोल्डरात जी जी शहरं सापडतील त्यांची वेळ झाली की प्रोग्रामने भोंग्यावरून शहराचं नाव घ्यायचं आणि सांगायचं, "रोजा सोडायची वेळ झाली." शहर एकच, मग निवडायचं काय? शिवाय प्रोग्राम उगाच बोलायला नको म्हणून तिने त्याला एक चाचणी जोडून दिली. रोज सुरू होताना प्रोग्रामने आधी स्वतःची परीक्षा घ्यायची: फाईलमधली खरी वेळ काढून दुपारचे बारा घालायचे, बाराला घोषणा तयार होते की नाही हे मनातल्या मनात बघायचं, आणि बारा काढून खरी वेळ परत ठेवायची. हा सगळा बदल जागच्या जागी. त्यासाठी सेड नावाचं एक जुनं, इमानी अवजार असतं. त्याला हुकूम द्यायचा की ते शब्दाच्या जागी शब्द घालतं. तिच्या घरच्या मशीनवर त्याने एका ओळीत काम केलं आणि हूं की चूं केलं नाही.

प्रात्यक्षिकाला संघाची मंडळी दवाखान्यात जमली. इंशिराहने बटण दाबलं. पांढऱ्या मशीनने लाल अक्षरांत काहीतरी फेकलं आणि थांबलं.

"काय म्हणतंय?" बयूमी.

"म्हणतंय की हुकूम समजला नाही."

"माझंही अगदी असंच होतं," डॉक्टर म्हणाले, "मिसेस बोलतात तेव्हा."

"दृष्ट लागलीय मशीनला," हाज्जा तफीदा म्हणाल्या. "पोरी, मी ऊद आणते, फिरव त्याच्याभोवती."

"हाज्जा, माझ्या मशीनला कुणाची दृष्ट लागणार? इथे येतो तो डोळे घट्ट मिटूनच बसतो."

इंशिराहने दोन दिवस वाचन केलं आणि तिला उलगडा झाला. अवजार दोन्हीकडे तेच, नाव तेच, पण घराणी वेगळी. तिच्या घरचं सेड "जागच्या जागी" म्हटलं की लगेच कामाला लागतं. डॉक्टरांच्या मशीनमधलं सेड जपून राहणारं. ते म्हणतं: बदल करतो, पण त्याआधी मूळ फाईलची एक जुनी प्रत बाजूला ठेवतो, त्या प्रतीच्या नावाला शेपूट कोणतं लावू ते सांगा. आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर पुढचा जो शब्द येईल त्यालाच ते शेपूट समजतं. इंशिराहचा अख्खा हुकूम त्याने शेपूट म्हणून बाजूला ठेवला होता, आणि मग फाईलच्या नावालाच हुकूम समजून बसलं होतं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मग देऊया त्याला शेपूट. रिकामं."

रिकामं शेपूट म्हणजे दोन अवतरणचिन्हं आणि मध्ये काही नाही. पांढरं मशीन खूश झालं, प्रत ठेवली नाही, बदल केला. बयूमींनी शिक्का बाहेर काढला. इंशिराह विजयी मुद्रेने पाच मजले चढून घरी आली, आपल्या मशीनवर तोच प्रोग्राम चालवला, आणि तिच्या स्वतःच्या, तिने स्वतः पुसूनपुसून वापरलेल्या मशीनने सांगितलं की अशी फाईल अस्तित्वात नाही. घरचं सेड रिकाम्या शेपटालाच हुकूम समजलं होतं, आणि खऱ्या हुकमाला फाईलचं नाव समजून ती फाईल घरभर शोधत होतं.

शौकत सोफ्यावर पडून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. "वा! तुझं मशीनसुद्धा तुझं ऐकत नाही. आणि बोलणी मी खातो."

"शौकत, तू बिया खा."

आता यावर एक साधा उपाय होता. मशीनला आधी विचारायचं, बाबा रे तू कुठल्या घराण्यातला, आणि त्याप्रमाणे वेगवेगळा हुकूम द्यायचा. पण इंशिराहला ते पटेना. वर्गात चाळीस मुली असल्या तरी तिने प्रत्येकीसाठी वेगळा नाईल काढला नव्हता. एकच हुकूम, दोन्हीकडे लागू, मध्ये कुरकुर नको. ती शोधत राहिली, आणि तिला एक युक्ती सापडली: हुकमाच्या आधी एक छोटी खूण. आडवी रेघ आणि इंग्रजी ई. या खुणेचा अर्थ, "पुढे येतोय तो हुकूम." तिने ती खूण घातली. घरचं मशीन गप्प. धावत खाली गेली. पांढरं मशीन गप्प. इंशिराहने त्या गप्प बसण्याला होकार मानलं. शौकतच्या बाबतीत ही चूक ती कधीच करत नसे.

त्या संध्याकाळी तिने पूर्ण जिन्यात कुनाफ्याची मिठाई वाटली. बयूमींनी ठरावात "दोन्ही यंत्रांवर चालते" असं वाक्य घातलं, शिक्का मारला, आणि रमजान उजाडेपर्यंत रोज संध्याकाळी दवाखाना उघडला की डॉक्टर कौतुकाने प्रोग्राम सुरू करायचे. एकदा ते जिन्यात म्हणालेही, "उस्ताजा, नवी गावं घातलीत वाटतं? पडद्यावर इस्कंदरियाच्या खाली आणखी काही दिसतंय."

"ते असेल असंच," इंशिराह म्हणाली. तिच्या हातात मोहरीच्या पाल्याची जुडी होती आणि लिफ्ट बंद होती. अशा वेळी माणूस तांत्रिक प्रश्नांना नीट उत्तर देत नाही.

पहिला रोजा. रमजानात दवाखान्याची वेळ बदलते, त्यामुळे डॉक्टरांनी सकाळीच येऊन मशीन सुरू केलं होतं. दुपारी गल्ली निपचित पडली होती. कॅफेच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या. हाज्जा तफीदा गॅलरीतून दोरीने टोपली खाली सोडत होत्या, भाजीवाला टोपलीत लिंबं ठेवायला हात वर करत होता. तेवढ्यात बाराचा ठोका पडला आणि भोंगा गरजला:

"इस्कंदरिया, एह! रोजा सोडायची वेळ झाली."

आमच्या बोलीत 'एह' म्हणजे 'काय?' टोपली अधांतरी थांबली.

"इस्कंदरिया, एह एह! रोजा सोडायची वेळ झाली."

"काय काय काय?" भाजीवाला वर बघून ओरडला.

"इस्कंदरिया, एह एह एह!" भोंगा म्हणाला. म्हणजे दोघांचं एकमेकांशी भांडण चालू असल्यासारखं वाटत होतं, आणि त्यात भोंगा वरचढ होता. गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. कुणी म्हणालं, "काही नाही रे बाबा, तूच सांग काय!" चार-पाच खिडक्यांतून हशा फुटला. इंशिराह पायऱ्या उतरून, एका पायात चप्पल आणि एका पायात शौकतची चप्पल अशी दवाखान्यात पोचली आणि तिने वायर उपटली. तिचे बारा बारालाच वाजले होते.

"हे एह नावाचं गाव कुठलं गं पोरी?" हाज्जा तफीदांनी वरून विचारलं.

"वाळवंटी रस्त्यावर नवीन वस्ती होतेय तीच असणार," भाजीवाला म्हणाला.

"हो हो, तीच! माझ्या जावेच्या भाचीने तिथे फ्लॅट घेतलाय. चांगली हवा आहे म्हणतात."

"हवेचं सोडा, हाज्जा, दुपारी बाराला रोजा सुटतो तिथे. मीसुद्धा घेतो एक फ्लॅट."

पडद्यावर खरोखरच गावांची रांग लागली होती. इंशिराहने ती बघितली आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. पांढऱ्या मशीनला ती खूण खूण म्हणून कळलीच नव्हती. त्याने रेघ आणि ई (भोंग्याच्या तोंडी 'एह') हेच शेपूट धरलं, आणि प्रत्येक बदलाआधी जुनी प्रत शेपटासकट इमानदारीने बाजूला ठेवली. चुकत नव्हतं म्हणून बोलत नव्हतं. प्रत राहायची त्याच फोल्डरात. प्रोग्रामला फोल्डरात फाईल दिसली की ते शहर. दुसऱ्या दिवशी चाचणी त्या नव्या शहरावरही चालली आणि शेपटाला आणखी एक शेपूट फुटलं. खरी वेळ परत ठेवण्याची ओळ मात्र इंशिराहने फक्त खऱ्या इस्कंदरियासाठी लिहिली होती. बाकीची गावं चाचणीचे बारा पोटात घेऊन बसली होती. आजवर संध्याकाळी मशीन चालू व्हायचं, त्यामुळे बारा कधी वाजलेच नव्हते.

बयूमी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं; खरं तर दुःखापेक्षा तयारी जास्त होती. "उस्ताजा, ठराव मागे घ्यावा लागेल. रोज्याचा प्रश्न आहे. लोकांनी विश्वासाने घास घ्यायचा आणि तुमचा भोंगा 'काय' विचारणार? आज मगरिबला, सूर्यास्ताला, आपण जुनीच पद्धत वापरू. कॅफेचा टीव्ही, त्यात फरक मिळवायचा, आणि मी हाताने इशारा करीन."

"तुमच्या हाताचा इशारा?" दारातून शौकत म्हणाला. इंशिराहने चमकून मागे बघितलं. तो सहसा बैठकीत बोलत नसे, ठरावांच्या भीतीने. "मागच्या वर्षी मी टीव्ही ऐकून खाल्लं नव्हतं, उस्ताज बयूमी. तुमचा हात वर गेलेला बघून खाल्लं होतं. तुम्ही माशी हाकलत होतात."

बयूमींनी हात पाठीमागे नेले.

"आणि वर्षभर तू गप्प का बसलास?" इंशिराहने विचारलं.

"कुणी विचारलंच नाही. सगळे कैरोचंच विचारत होते."

बयूमींनी खिशातला शिक्का चाचपला. मग ते म्हणाले, "मगरिबच्या आधी मला फोल्डर दाखवा. आत एकच गाव असलं तर भोंगा. नाहीतर..." नाहीतर पुढे काय, हे बोलायला त्यांना सोयीचं राहिलं नव्हतं, कारण त्यात हात येत होता.

इंशिराह तिथेच, दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. खुर्चीत एक जाडसर गृहस्थ तोंड वासून पडले होते आणि डॉक्टर त्यांच्या दाढेवर काम करत होते.

हाज्जा तफीदा ऊद घेऊन आल्याच. धूर बघून खुर्चीतले गृहस्थ घशातून काहीतरी ओरडले. "ते म्हणतात त्यांना दमा आहे," डॉक्टरांनी भाषांतर केलं. हाज्जा ऊद घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि तिथून सल्ला देऊ लागल्या, "पोरी, त्या जास्तीच्या गावांना पुसून टाक की. रोज झाडू मारतो तसं रोज सकाळी पुसायचं."

सल्ला वाईट नव्हता. शेपूट नीट चिकटवून द्यायचं, काम झालं की प्रत पुसायची. दोन्ही घराण्यांना ते समजतं, इंशिराहने वाचलं होतं. पण पुसायच्या आत वीज गेली तर? बारा वाजलेली खरी फाईल तशीच राहिली तर? खऱ्या फाईलमध्ये मुळात हात घालायचाच कशाला, हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला. ती इकडेतिकडे बघत होती, आणि तिची नजर डॉक्टरांच्या कपाटावर गेली. तिथे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर पेशंटचं नाव.

"डॉक्टर, हे कशाला?"

"कॅप बनवायची तर आधी साच्यावर बसवून बघायची. बसली तर तोंडात. जिवंत माणसाच्या दाढेवर प्रयोग करून चालत नाही ना, उस्ताजा. चावतात."

खुर्चीतल्या गृहस्थांनी डोळ्यांनी दुजोरा दिला.

इंशिराह हसायला लागली, आणि बराच वेळ हसत राहिली, इतकी की डॉक्टरांनी दाढ सोडून तिला पाणी देऊ केलं आणि मग आठवलं की तिचा रोजा आहे. आयुष्यभर तिने कैरोच्या टीव्हीला बोल लावला होता की तो तिथल्या सूर्यावर इथे जेवायला घालतो. आणि इथे तिने स्वतःच्या घरच्या मशीनची वेळ डॉक्टरांच्या मशीनला लावली होती. जिवंत फाईलमध्ये दाढ कोरली होती, तीही जागच्या जागी, तीही दोनदा.

मग तिने जास्तीची गावं एकदाची पुसली आणि भराभरा लिहिलं. चाचणी सुरू झाली की आधी दूर एक वेगळं फोल्डर, प्रोग्रामचं लक्ष जात नाही असं. त्यात इस्कंदरियाची प्रत, म्हणजे प्लास्टरचा जबडा. सेडला आता काही जागच्या जागी करायचं नाही. त्याने प्रत वाचायची आणि बदललेलं नव्या कागदावर उतरवून द्यायचं. हे काम दोन्ही घराण्यांतली सेडं अगदी सारखं करतात, शेपूट नाही, खूण नाही, गैरसमज नाही. त्या नव्या कागदावर बाराची परीक्षा घ्यायची आणि ते सगळं फोल्डर फेकून द्यायचं. खऱ्या फाईलला कुणी बोटही लावायचं नाही. पसारा झाला. एक वाटी जास्तीची घासावी लागली. इंशिराहने मोठ्या मनाने तिला परवानगी दिली.

पांढऱ्या मशीनवर चालवलं. शौकत वरून तिचं मशीन उचलून घेऊन आला, पाच मजले, उपाशीपोटी, वाटेत एकदाही ठरावाबद्दल न बोलता, त्यावरही चालवलं. पुन्हा चालवलं. डॉक्टरांना मुद्दाम मध्येच मशीन बंद करायला लावलं आणि परत सुरू केलं. फोल्डर उघडलं. इस्कंदरिया. खाली काही नाही.

बयूमींनी चष्मा लावून, पडद्याजवळ नाक नेऊन खात्री केली. "एकच आहे," ते म्हणाले. त्यांनी शिक्का काढला, पडद्याकडे बघितलं, आणि मारायला कागद नाही हे लक्षात येऊन परत खिशात ठेवला.

संध्याकाळी टेबलं लागली. मसुराचं सूप, भात, मुलूखिया, जर्दाळूचं सरबत, प्रत्येकापुढे खजुराची बशी. ट्रामवरून उतरलेली माणसं, रिक्षावाले, शेजारच्या गल्लीतली म्हातारी जोडपी, दुपारचे ते जाडसर गृहस्थ, गाल सुजवून. आज गर्दी जरा जास्तच होती, कारण दुपारची गोष्ट लांबवर पोचली होती आणि माणसं ऐकायला आली होती. डॉक्टर वगीह टेबलाच्या टोकाला आपलं तेलातलं फूल घेऊन बसले, सगळ्यांबरोबर थांबून. शौकत हातात पळी घेऊन उभा होता. कॅफेच्या टीव्हीवर कैरोची अजान झाली. कुणी हललं नाही. कुणी शौकतकडे बघितलंही नाही, आणि हे त्याच्या लक्षात आलं. त्याने पळी जरा सरळ धरली.

आकाश समुद्राच्या बाजूने तांबूस होत गेलं. मग भोंगा बोलला.

"इस्कंदरिया. रोजा सोडायची वेळ झाली."

आणि पुन्हा कुणी हललं नाही. सगळी गल्ली कान टवकारून बसली होती, पुढे काही येतंय का ते ऐकत. भोंगा गप्प राहिला. माणसं तरीही थांबली. मग हळूहळू एकेक मान वळली, आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांनी इंशिराहकडे बघितलं.

"उस्ताजा," बयूमी हळूच म्हणाले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर घट्ट होते. "आधी तुम्ही."

इंशिराहने या क्षणाचा विचार केलेला नव्हता. भोंगा बोलेल आणि लोक जेवतील, मध्ये आपण नसू, असंच तिने धरलं होतं. तिने पश्चिमेकडे बघितलं, दवाखान्याच्या खिडकीत पांढऱ्या मशीनकडे बघितलं. चुकलं असेल तर फक्त तिचा एक रोजा जाणार नव्हता. तिच्यामागे या सगळ्यांचा जाणार होता. तिने मनातल्या मनात फोल्डर पुन्हा एकदा उघडून बघितलं. मग बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकला आणि चावला, सगळ्यांना दिसेल असा.

तिच्या पाठोपाठ शौकतने घेतला. मग बयूमींनी. मग टेबलभर हात एकदम खाली गेले, चमचे वाजायला लागले, सरबताचे ग्लास भरू लागले, कुणीतरी "अल्हम्दुलिल्ला" म्हणालं, कुणीतरी मीठ मागितलं. इतक्यात एका खिशात फोन अजान देऊ लागला, मग दुसऱ्या, मग चार-पाच एकदम, इस्कंदरियावर लावलेले सगळे. हाज्जा तफीदांचा फोन तेवढा गप्प होता. मक्केत केव्हाच जेवणं उरकली होती.

इंशिराहच्या गालात बी तशीच होती. ती थुंकायला तिला जागा मिळेना, कारण ज्याच्याकडे वळावं तो हसून तिच्याकडे बघत होता आणि खात होता. शौकतने तिच्यापुढे सुपाचा वाडगा ठेवला. "जेव आता," तो म्हणाला, "निवेल." तिने मान डोलावली, बी जिभेने दुसऱ्या गालात सरकवली, आणि पहिला चमचा तोंडाला लावला. सूप अजून चटका बसेल इतकं गरम होतं.